कास्पर : एक यंत्रबालक

मनुष्याच्या मुद्रेवर क्षणोक्षणी किती भाव उमटतात! भुवई किंचित उंचावली, ओठ जरासे मुडपले, की समोरच्याचे मन आपण ओळखतो. परंतु स्वमग्न मुलांपैकी कित्येकांना ही मुद्रांची भाषा सहज उमगत नाही. भावांच्या या सतत पालटणाऱ्या खेळाने ती गोंधळतात, नजर चुकवितात आणि एकटीच खेळत राहतात.

अशा मुलांकरिता इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात २००५ साली 'कास्पर' नावाच्या यंत्रमानवाची घडण सुरू झाली. केर्स्टिन डाउटेनहान या विदुषी त्या कार्याच्या प्रमुख होत्या. कास्पर एखाद्या लहान मुलाएवढा असून त्याचा पोशाखही मुलांसारखाच असतो. चेहरा मात्र अगदी साधा आहे.

यंत्र जितके हुबेहूब, तितके ते प्रिय होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने निराळाच विचार मांडला. यंत्र जवळजवळ माणसासारखे दिसू लागले, पण पुरते माणूस वाटेना, की पाहणाऱ्याच्या मनात आपलेपणाऐवजी अस्वस्थता दाटते. शिवाय स्वमग्न मुलांना मोजके व ठरावीक भाव समजण्यास सोपे जातात. म्हणून कास्परच्या मुद्रेवर थोडेच भाव येतात. आणि तेच ते, पुनःपुन्हा, न कंटाळता!

त्याच्या अंगात स्पर्श ओळखणारी साधने आहेत. पायाला गुदगुल्या केल्या की तो हसतो. कोणी जोराने चापट मारली, तर 'दुखलं!' असे म्हणून तो हातांनी तोंड झाकतो. उलटून मात्र मारीत नाही. अशा वेळी जवळ बसलेले शिक्षक हळुवार स्पर्श कसा करावा, ते मुलाला दाखवितात.

पण यंत्राच्या संगतीत रमून मूल माणसांनाच विसरले, तर? ही शंका रास्त आहे. म्हणूनच कास्परच्या खेळात शिक्षकांना किंवा दुसऱ्या मुलाला मुद्दाम सामील करून घेतात. एकाने कळ दाबून कास्परला हात हलवावयास लावावे, दुसऱ्याने त्याची नक्कल करावी आणि मग पाळी बदलावी. आपल्या पाळीची वाट पाहता पाहता मूल शेजारच्या सवंगड्याकडे पाहू लागते.

कास्परला खरोखर काही दुखत नाही, सवंगड्याला दुखते. हा सवंगडी मुलाला ओळखता यावा, एवढ्यासाठीच कास्परची सारी खटपट आहे. पैलतीर गाठल्यावर नावेचे काम संपते.

अभ्यास
१. कास्परचा चेहरा साधा का ठेवला आहे? दोन कारणे सांगा.
२. 'पैलतीर गाठल्यावर नावेचे काम संपते.' येथे नाव कोणती व पैलतीर कोणता?