झीज कुठे होते ते आधी शोध

अंधेरी (पूर्व)

चि. छोटीस,

कोळशापासून तेल करण्याच्या प्रायोगिक संयंत्रावर तुझी नेमणूक झाल्याचं ताईने कळवलं. फार आनंद झाला. तुझ्या पत्रात सगळी काळजी रिॲक्टरची दिसते. साडेचारशे अंश तापमान आणि हायड्रोजनचा दोनशे बारच्या आसपास दाब म्हटल्यावर ती वाटणारच. पण सर्वांत जास्त झीज तिथे होत नाही.

झीज कोण करतं ते कोळशावरच्या वीजकेंद्रांत बघ. आपल्या मुंबईच्या उपनगरांच्या विजेसाठी डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. तिथे काय किंवा चंद्रपूरला काय, बॉयलरवाल्यांचा जुना शत्रू म्हणजे राखेतला क्वार्ट्झ. धुराबरोबर धावत तो इकॉनॉमायझरच्या नळ्या खरवडतो. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते आणि ती इतकी एकजीव असते, की धुऊनही पुरती निघत नाही. तुझ्याकडे हीच खनिजं, न विरघळलेला कोळसा आणि लोहाचा उत्प्रेरक तेलातून वाहणार.

म्हणून आधी प्रवाहाचा वेग बघ. वेग दुप्पट झाला की झीज साधारण चौपट ते आठपट होते. उलट वेग फार कमी झाला, तर घनकण तळाशी बसतात, थर धरतात आणि तिथे कोक तयार होतो. नदी वळणावर काठ खाते आणि संथ पाण्यात गाळ टाकते, तसंच हे. रिॲक्टरमध्ये भीती आहे ती गाळाची. चीनमध्ये ओर्डोसला शेन्हुआने २००८ मध्ये सुरू केलेल्या संयंत्रात तळाचा पंप तेल आणि कणांची स्लरी सतत फिरवत ठेवतो, ते याचसाठी.

खरा घात होतो पुढे, लेटडाउन व्हॉल्व्हमध्ये. तिथे दाब एकदम उतरतो, तेलाची वाफ होते, आकारमान फुगतं आणि कण प्रचंड वेगाने व्हॉल्व्हच्या सीटवर आदळतात. अमेरिकेत १९८० च्या सुमारास कॅटलेट्सबर्ग आणि बेटाउनला मोठी प्रायोगिक संयंत्रं चालली, तेव्हाही हे व्हॉल्व्ह डोकेदुखी ठरले. दाब एका घासात उतरवू नका, टप्प्याटप्प्याने उतरवा. शेजारी दुसरा व्हॉल्व्ह तयार ठेवा, म्हणजे एक बदलताना संयंत्र थांबत नाही.

'टंगस्टन कार्बाइड बसवलं की झालं' असं कोणी म्हटलं, तर मान डोलावू नकोस. त्यातले कण कठीण खरे, पण त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट आधी झिजतो आणि मग कण गळून पडतात. मारा कोणत्या कोनातून येतो, हेही विचार. साधं पोलाद वीस-तीस अंशांच्या तिरक्या माऱ्यात जास्त झिजतं, तर सिरॅमिक समोरून बसलेल्या माऱ्याने तडकतं. जिथे जमेल तिथे एल्बोऐवजी बंद तोंडाचा टी बसवा. त्याच्या खोबणीत साचलेले कणच पुढचा मार झेलतात.

पाइपच्या बेंडांवर खुणा करून अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने ठरावीक दिवसांनी त्याच जागी मोजणी कर. आकडे वहीत स्वतः उतरव. इतक्या दाबाखाली भिंत पातळ होऊन हायड्रोजन आणि गरम तेल बाहेर आलं, तर आगीच्या तोंडी सगळ्यात आधी जवळ उभा असलेला फिटर सापडतो. जाडी मर्यादेखाली गेली असेल तर उत्पादनाची घाई कोणाचीही असो, सही करू नकोस.

पहिल्या शटडाउनला व्हॉल्व्ह उघडतील तेव्हा तिथे हजर राहा आणि झिजलेले भाग भंगारात जाण्याआधी त्यांचे फोटो मला पाठव.

तुझा,
मामा