विषय आपला हवा

चि. सौरभ,

काल तुझ्या आईचा फोन आला. लेखनाच्या वर्गासाठी तू ‘सोशल मीडिया आणि आजची तरुणाई’ असा विषय घेतलास आणि पैसे घेऊन प्रकल्प लिहून देणारा कुणीतरी गाठलास, असं तिच्या कानावर आलंय. खोटं असेल तर फार बरं. खरं असेल तर अजून वेळ गेलेली नाही.

एवढा ऐसपैस विषय दोन हजार शब्दांत मावतो का रे? मग इकडचे तिकडचे उतारे उचलायचे, नाहीतर दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. माझी धास्ती तीच.

विषय तर घरातच आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आजी तेव्हा चौदा वर्षांची, पुण्यात शनिवार पेठेत. पुराच्या गोष्टी तू ऐकल्यास, पण पुढचं कधी विचारलंस? वाडा गेला आणि ही मंडळी गोखलेनगरला आली. पेठेतून उठलेल्या माणसांच्या कामधंद्याचं, शाळेचं, शेजाराचं काय झालं? एवढा एकच प्रश्न धर. सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी या पुराचा आणि पुनर्वसनाचा अभ्यास केला होता. ‘डेल्यूज इन पूना’ हे त्यांचं पुस्तक १९६७ सालचं. गोखले संस्थेच्या ग्रंथालयात विचार. ‘सकाळ’, ‘केसरी’चे तेव्हाचे अंक मिळाले तर चाळ. आजीचं सांगणं आणि छापील नोंद जिथे जुळणार नाही, तिथे थांब. तिथलं लिहिणं तुला दुसरा कुणी करून देऊच शकणार नाही.

एम.ए.ला मला हाच विषय हवा होता. मार्गदर्शकांनी दुसरा सुचवला, मी मान डोलावली. तुझे पणजोबा तेव्हा होते, बोलायला आसुसलेले. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. तू लबाड नाहीस, कोऱ्या कागदाला घाबरतोस. पहिलीत पाटीसमोरही असाच बसायचास. वाकडंतिकडं लिही, पण तुझं असू दे. गुण कमी पडले तर तुझ्या बाबाशी मी बोलेन.

रविवारी जेवायलाच ये. आजी चारनंतर छान बोलते. हल्ली तिला सलग आठवत नाही, तेव्हा घाई करू नकोस. आणि पुढच्या सुट्टीवर ढकलू नकोस, बाळा.

तुझी,
आत्या