नोंदीचे मोल

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला गोंदिया जिल्हा वसलेला आहे. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेश आणि पूर्वेस छत्तीसगड ही राज्ये आहेत. पूर्वी हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. वैनगंगा, बाघ यांसारख्या नद्या, गावोगावचे जुने मालगुजारी तलाव आणि त्यांच्या पाण्यावर डोलणारी धानाची शेते ही या भूमीची संपत्ती होय. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत विस्तीर्ण अरण्ये असून त्यांच्या आश्रयाने आदिवासींची लहान लहान गावे नांदत आहेत.

परंतु जे पाणी धान पिकविते, त्याच पाण्याच्या आसपास डासही वाढतात. एका जातीच्या डासांमुळे हिवताप पसरतो, तर घाण पाण्यात वाढणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या डासांमुळे हत्तीरोग पसरतो. हत्तीरोगात माणसाचा पाय सुजून खांबासारखा जाड होतो. पूर्व विदर्भात हा रोग फार वर्षांपासून ठाण मांडून बसलेला आहे. अशा रोगांशी झुंज द्यावयाची, तर औषधे हवीत, डॉक्टर हवेत आणि लोकांचे सहकार्यही हवे. यांखेरीज आणखी एक गोष्ट लागते. ती दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. ती म्हणजे खरी नोंद.

पावसाळ्यातील एखाद्या सकाळी जंगलालगतच्या गावी अंगणवाडीत लसीकरण असते. आदल्या दिवशीच आशा स्वयंसेविकेने घरोघर जाऊन आयांना निरोप दिलेला असतो. परिचारिका चिखल तुडवीत येते. तिच्या खांद्याला निळी पेटी अडकविलेली असते आणि पेटीत बर्फाच्या कुप्यांमध्ये लशीच्या बाटल्या जपून ठेवलेल्या असतात. रोवणीला जाण्यापूर्वी एखादी आई आपले तान्हे घेऊन येते आणि भीतभीत विचारते, "बाई, इतक्या दुरून आणलेली ही लस वाटेत बिघडली तर नसेल ना?"

हा प्रश्न खुळा नाही. लस नाजूक असते. ती साधारणतः २ ते ८ अंश सेल्सिअस एवढ्या थंडाव्यात ठेवावी लागते. पोलिओची थेंबांची लस उष्णतेने निकामी होते. उलट धनुर्वातासारख्या काही लशी गोठल्या तर वाया जातात. बिघडलेली लस दिसावयास मात्र चांगल्या लशीसारखीच दिसू शकते. म्हणून परिचारिका रागावत नाही. ती बाटलीवरील एक लहानसे वर्तुळ दाखविते. त्या वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. लशीला जसजशी उष्णता लागते, तसतसा तो चौकोन काळसर होत जातो. आणि तो वर्तुळाइतका काळा झाला की ती बाटली टाकून द्यावी लागते. न बोलणारी बाटली आपली हकिकत अशा रीतीने स्वतःच सांगते. ते पाहून आईचे समाधान होते आणि ती बाळाचा हात पुढे करते.

या बाटलीची काळजी गावात पोहोचण्यापूर्वीच सुरू झालेली असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींसाठी विशेष प्रकारचा शीतकपाट असतो. त्याच्या आतील बाजूस बर्फाचे अस्तर असल्यामुळे वीज काही तास गेली तरी आतला थंडावा टिकून राहतो. पूर्वी या कपाटातील उष्णतामापक दिवसातून दोन वेळा पाहून तो आकडा वहीत लिहीत असत. पण मध्यरात्री कपाट बिघडले तर? सकाळपर्यंत ते कोणास कळणार?

ही अडचण ओळखून २०१५ साली भारतात एक नवी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था सुरू झाली. तिचे नाव 'ईविन'. आरंभी ती काही राज्यांपुरतीच होती. पुढे ती देशभर पसरली. तिच्यात शीतकपाटाला एक लहानसे यंत्र जोडलेले असते. ते आतील तपमान अहोरात्र टिपते आणि दूरध्वनीच्या जाळ्यातून कळविते. थंडावा मर्यादेबाहेर गेला की संबंधित कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर सूचना येते. कोणत्या केंद्रात किती लस शिल्लक आहे हेही मोबाईलवर नोंदविले जाते. त्यामुळे एका केंद्रात लस पडून राहून मुदत संपावी आणि शेजारच्या केंद्रातून मुले रित्या हाताने परतावीत, असे प्रसंग टाळता येतात.

अशाच इतरही व्यवस्था देशात उभ्या राहिल्या. क्षयरोग्यांच्या उपचारांचा माग ठेवण्यासाठी २०१२ साली 'निक्षय' ही व्यवस्था सुरू झाली. क्षय नाहीसा करण्याची आकांक्षा तिच्या नावातच सामावलेली आहे. अंगणवाडीतील बालकांचे वजन व उंची नोंदविण्यासाठी २०२१ साली 'पोषण ट्रॅकर' आला. त्याच वर्षी १६ जानेवारीस कोरोनाचे लसीकरण सुरू झाले आणि २१ ऑक्टोबरपर्यंत देशात शंभर कोटी मात्रा देऊन झाल्या. एवढा प्रचंड हिशेब केवळ कागदावर ठेवणे फार कठीण झाले असते.

मग यंत्रे आली म्हणजे सारे काम झाले काय? तसे मात्र नाही. हत्तीरोगाचेच उदाहरण घेऊ. या रोगाचे सूक्ष्म जंतू पुष्कळदा वरून निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही असतात आणि ते बहुधा रात्रीच रक्तप्रवाहात येतात. म्हणून तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन रक्ताचा थेंब घेतात. रोगाची साखळी तोडण्यासाठी मोहिमेच्या काळात निरोग्यांनीही गोळ्या घ्यावयाच्या असतात. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व गंभीर आजारी माणसे यांना मात्र त्या देत नाहीत. एकूण लोकसंख्येपैकी निदान शेकडा ६५ लोकांनी त्या प्रत्यक्ष घेतल्या, तरच मोहीम सफल होण्याची आशा असते.

आता समजा, एका गावात १००० माणसे आहेत. त्यांपैकी ८०० जणांना गोळ्या वाटल्या आणि तेवढ्याच नोंदी झाल्या. कागदावर शेकडा ८० लोक सुरक्षित झाले! परंतु कोणी "मग घेईन" म्हणून गोळ्या फळीवर ठेवल्या, कोणी भीतीने फेकून दिल्या आणि प्रत्यक्षात ५०० जणांनीच त्या गिळल्या. नोंद सांगते मोहीम यशस्वी झाली. पण डास नोंदवही वाचत नाहीत. म्हणूनच गोळ्या कर्मचाऱ्यासमक्ष गिळावयाच्या, आणि त्यानंतरच नोंद करावयाची, असा नियम आहे. रात्री थकूनभागून घरी आल्यावर अंदाजाने आकडे भरणे सोपे असते. यंत्र तो आकडा निमूटपणे स्वीकारते. खरे काय आणि खोटे काय हे ओळखण्याचा विवेक त्याला नसतो. तो माणसानेच राखावयाचा असतो.

खऱ्या नोंदीने जगात मोठमोठी कामे केली आहेत. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांची शुश्रूषा केली, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु सैनिकांच्या मृत्यूंचे हिशेब मांडून त्यांनी असेही दाखवून दिले, की जखमांपेक्षा अस्वच्छतेतून उद्भवणाऱ्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले होते. १८५८ साली त्यांनी हे आकडे रंगीत आकृत्यांच्या रूपाने प्रसिद्ध केले. ज्या गोष्टीकडे अधिकारी दुर्लक्ष करीत होते, ती गोष्ट त्या आकृत्यांनी डोळ्यांपुढे उभी केली.

आपल्या देशातून देवी हद्दपार झाली, तीही अशाच दक्षतेने. १९७० नंतरच्या काही वर्षांत हजारो कर्मचारी देवीच्या रोग्याचे चित्र हाती घेऊन घरोघर, बाजारांत आणि शाळांतही फिरले. "असे फोड आलेला कोणी पाहिलात काय?" असे ते विचारीत. शाळेतील मुलांनी सांगितलेल्या बातमीवरूनही रोग्यांचा शोध लागे. रोगी सापडताच आसपासच्या लोकांना लस टोचली जाई. रोगी दाखवून देणाऱ्यास १९७५ साली एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. त्याच वर्षी भारतातील देवीचा प्रसार थांबला आणि १९८० साली साऱ्या जगातून देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. तेव्हा कोणाच्याही खिशात मोबाईल नव्हता. चित्र, वही आणि खरे बोलणारी माणसे एवढेच साधन होते.

आज साधने बदलली आहेत. जंगलातील गावात दूरध्वनीचे जाळे पोहोचले नाही, तर कर्मचारी आधी वहीत नोंद करतात आणि जाळे मिळेल तेथे ती यंत्रात भरतात. प्रत्येक नोंदीमागे एक माणूस असतो, ही गोष्ट त्यांना विसरून चालत नाही. एखाद्याच्या आजाराची माहिती म्हणजे त्याने विश्वासाने सोपविलेली ठेव होय. ती चावडीवर सांगण्याची गोष्ट नव्हे.

लसीकरण आटोपते. परिचारिका यादी पुन्हा एकदा वाचते. बावीस मुलांपैकी एकवीस आली. एक आले नाही. एवढ्या नावापुढे खूण करून टाकली, तर कोणास कळणार आहे? पण ती तसे करीत नाही. आशा स्वयंसेविकेला बरोबर घेऊन ती बांधावरून शेताकडे निघते. तेथे रोवणी चालू असते आणि झाडाला बांधलेल्या झोळीत ते बाविसावे बाळ निजलेले असते. त्याला लस मिळते. मगच त्याच्या नावापुढे खूण होते.

शब्दार्थ

रोवणी – धानाची रोपे चिखलात लावण्याचे काम. शुश्रूषा – रोग्याची सेवा. दक्षता – सावधपणा. उच्चाटन – समूळ नाश. ठेव – विश्वासाने सांभाळावयास दिलेली वस्तू.

स्वाध्याय

१. आईने विचारलेला प्रश्न खुळा नाही, असे का म्हटले आहे?
२. लशीची बाटली आपली हकिकत कशी सांगते?
३. 'डास नोंदवही वाचत नाहीत' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.
४. देवीच्या निर्मूलनात शाळेतील मुलांची कोणती मदत झाली?
५. परिचारिकेने शेतावर न जाता खूण केली असती, तर काय घडले असते? आठ-दहा ओळी लिहा.
६. तुमच्या गावच्या आशा स्वयंसेविकेला किंवा परिचारिकेला भेटा व त्यांच्या एका दिवसाच्या कामाचे वर्णन लिहा. कोणाही रोग्याचे नाव त्यात लिहू नका.