ताटीबाहेर कोण उभे होते?

ज्ञानदेवांच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्या घरोघरी ठाऊक आहे; परंतु आपण तो बहुधा घाईने सांगून मोकळे होतो. संन्याशाची पोरे म्हणून चारही भावंडांची आळंदीत हेळणा होत असे. एके दिवशी कोणाच्या तरी कटू शब्दाने ज्ञानदेवांचे मन विटले आणि ते पर्णकुटीत शिरून ताटी लावून बसले, असे परंपरा सांगते. ताटी म्हणजे कामट्यांचे झापाचे दार. धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेर उभी राहून ते उघडण्याविषयी विनवू लागली. तिच्या नावावर असलेले ताटीचे अभंग ते हेच.

या प्रसंगात प्रथम ध्यानी घ्यावयाचे ते हे की, ज्ञानदेवांना लागले. संतांना काही लागतच नाही अशी आपली समजूत असते. म्हणून आपल्याला काही लागले की आपण त्याची लाज बाळगतो आणि दुःखावर आणखी एक दुःख चढवितो. ज्यांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली त्यांच्याविषयीही परंपरेने ही गोष्ट झाकून ठेवली नाही.

दुसरे असे की, विनवणारी कोण होती? आईबापांवाचून तीही पोरकीच होती आणि लोकांचे तेच बोल तिच्याही वाट्याला आले होते. ‘सोसा’ हा उपदेश जगात फार स्वस्त आहे. ज्याला स्वतःला सोसावे लागत नाही तोच तो बहुधा करीत असतो. मला त्याचा मनापासून तिटकारा आहे. मुक्ताबाईचे बोलणे त्या प्रकारचे नाही. आपली जीभ आपल्याच दातांखाली सापडली तर कोणी दात पाडून घेत नाही, अशा आशयाचा दृष्टांत ती देते. जीभ चावली गेली हे ती नाकारीत नाही. फक्त दात परके नव्हेत, इतकेच सांगते.

आणि तिसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. ताटी लागली तेव्हा बाहेर कोण राहिले? बोलणारा तर बोलून केव्हाच आपल्या घरी गेला असेल. बाहेर राहिली ती बहीण.

ती कशी कळली तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी वडिलांची प्रकृती बरी नसल्याने एका घरी श्रावणातील सत्यनारायणाची पूजा सांगावयास मी गेलो होतो. संकल्पात माझ्याकडून तिथी चुकली. यजमानांचे एक नातलग सर्वांदेखत म्हणाले, “शाळेपलीकडे शिक्षण नाही, आणि मंत्रही धड येत नाहीत. मग यांना दक्षिणा कसली द्यायची?” मंडळी हसली. मी पूजा पुरी केली व घरी आलो. त्या दिवसापासून मी माझी ताटी लावून घेतली. देवळातील काम चोख करीत होतो. परंतु कोणाशी आपणहून बोलत नव्हतो, तीर्थ देताना कोणाच्या मुखाकडे पाहत नव्हतो. याला मी मनाशी ‘वैराग्य’ असे नावही दिले होते. दोन-तीन महिने असे गेले. रोज काकडआरतीला येणाऱ्या एक वृद्ध आजी एके दिवशी तीर्थ घेऊन तेथेच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाळ, माझं काही चुकलं का रे?”

मला उत्तर देता येईना. ज्याने मला दुखविले त्याला माझ्या अबोल्याचा पत्ताही नव्हता. शिक्षा भोगीत होत्या त्या या आजी.

गीतेच्या तेराव्या अध्यायातील सातव्या श्लोकात ज्ञानाची लक्षणे सांगताना क्षांतीच्या लगत आर्जव ठेवले आहे. हा क्रम मनन करण्यासारखा वाटतो. क्षांतीविषयी ज्ञानेश्वरीत म्हटले आहे की, नद्यांचे लोट आले असता समुद्र आपले पोट मोठे करतो, तसा हा पुरुष सर्व काही सामावून घेतो. आणि आपण सोशीत आहो ही आठवणही त्याच्यापाशी उरत नाही. माझ्यापाशी तर त्या आठवणीवाचून दुसरे काहीच नव्हते! पुढे आर्जव येते. मूल जसे निःशंकपणे आईपुढे जाते, तसा लोकांना आपले मन देताना जो मागेपुढे पाहत नाही त्याच्या ठायी आर्जव आहे, असा तेथे अर्थ आहे. क्षांती नुसती असली तर मनुष्य मुकाट्याने सोशीत आतून दगड होऊन जाईल. पुन्हा मन देता येणे, हे अवघड काम आर्जवाचे आहे.

येथे कोणी विचारील, मग वाटेल त्याने येऊन वाटेल ते बोलून जावे काय? तसे नाही. नित्य छळणाऱ्यापासून दूर व्हावे, वडीलधाऱ्यांना सांगावे, प्रसंगी स्पष्ट शब्दांत हटकावे. त्यात आर्जवाला बाध येत नाही. सरळ बोलणे हेही आर्जवच होय. विसोबा चाटीची कथा पुष्कळदा सांगितली जाते. मुक्ताबाईला मांडे भाजावयास खापर मिळू नये म्हणून त्याने कुंभारवाड्यात आडकाठी केली आणि पुढे तोच शरण आला. कथा गोड आहे. पण प्रत्येक निंदकाचा विसोबा होईल या आशेवर दार उघडे ठेवू पाहणाऱ्याची निराशा व्हावयाची. दार उघडावयाचे ते बाहेर ताटकळत असलेल्या मुक्ताबाईसाठी.

गेल्या श्रावणात त्याच घरून पुन्हा बोलावणे आले. वडील म्हणाले, “तू राहू दे, मी जातो.” मीच गेलो. आदल्या रात्री पंचांग दोनदा पाहून ठेवले होते. ते नातलग पुढेच बसले होते. शेवटी त्यांनी तीर्थासाठी हात पुढे केला. मी त्यांच्या मुखाकडे पाहून तीर्थ दिले. ते काही बोलले नाहीत. माझा हात किंचित कापत होता, पण तीर्थ सांडले नाही.