कवडीचे दान

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, वांद्रे आणि जुहू यांच्या दरम्यान, खारदांडा नावाचा जुना कोळीवाडा आहे. आज त्याच्याभोवती उंच इमारतींची दाटी झाली आहे; तरीही किनाऱ्याला होड्या लागलेल्या असतात, जाळी दुरुस्त करणारे हात दिसतात आणि उन्हात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्याबरोबर दूरवर जातो. पावसाळ्यातील मासेमारीची बंदी उठली आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाली, की येथील कोळी पुन्हा आपल्या होड्या पाण्यात लोटतात.

होडी लोटणाऱ्या तांडेलापुढे दोन प्रश्न असतात. भरती केव्हा येईल, हा पहिला. आणि आज मासळी मिळेल काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की मुंबईच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे कळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३. म्हणजे भरती सुमारे ३ वाजता. परंतु दुसऱ्या प्रश्नाला असे सूत्र नाही. जाळे भरून येईल किंवा रिकामे येईल. मग त्याविषयी काहीच सांगता येत नाही काय? नेमके उत्तर सांगता येत नाही हे खरे; पण शक्यता किती आहे, हे मोजता येते. या मापालाच गणितात संभाव्यता असे म्हणतात. जी गोष्ट घडणे अशक्य, तिची संभाव्यता ०. जी निश्चित घडणार, तिची १. आणि बाकीच्या सर्व गोष्टींची संभाव्यता या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते.

प्रथम एक साधे नाणे घेऊ. ते उडवले तर छापा पडेल किंवा काटा पडेल. नाण्याची घडण दोन्ही बाजूंनी सारखी असते. एका बाजूने अधिक वेळा वर यावे, असे काही कारण नसते. म्हणून दोन समान शक्यतांपैकी एक, अर्थात १/२, ही छाप्याची संभाव्यता होय. फाशाला सहा सारख्या बाजू असतात; म्हणून ५ हे दान पडण्याची संभाव्यता १/६. हे उत्तर काढण्यासाठी नाणे उडवावे लागले नाही की फासा टाकावा लागला नाही. केवळ विचाराने जी मिळते, ती सैद्धांतिक संभाव्यता.

आता नाण्याऐवजी एक कवडी घ्या. तीही दोनच प्रकारे पडते : पोटाची चीर वर आली तर उताणी आणि पाठ वर आली तर पालथी. मग येथेही संभाव्यता १/२ म्हणावी काय? पुष्कळ जण तसे म्हणतात. परंतु ते बरोबर नाही. कवडीची पाठ फुगीर असते, पोट सपाट असते. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, तेव्हा त्या सारख्याच वेळा वर येतील असे मानण्यास आधार नाही. शक्यता दोन आहेत एवढ्यावरून त्या समान ठरत नाहीत. येथे विचार थांबतो आणि प्रयोगाला आरंभ होतो. कवडी पुनःपुन्हा फेकावी आणि प्रत्येक फेकीची नोंद करावी. समजा, ५० फेकींत ती ३० वेळा उताणी पडली. तर ३०/५०, म्हणजे ३/५, ही त्या कवडीची प्रायोगिक संभाव्यता झाली. दुसऱ्या कवडीचे उत्तर निराळे येऊ शकेल.

कवड्यांचा अष्टाचंगा हा खेळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात चार कवड्या टाकतात. कित्येक घरी चारही उताण्या पडल्या तर चार घरे आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ घरे चालण्याची रीत आहे. कवड्या नसतील तेव्हा आपण चार नाणी घेऊन खेळू. एखादा मुलगा म्हणेल, “छापे शून्य, एक, दोन, तीन किंवा चार पडतील. शक्यता पाच आहेत. म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/५.” त्याला एक एक करून मांडणी लिहावयास सांगा. प्रत्येक नाणे दोन प्रकारे पडते. म्हणून चार नाणी २ × २ × २ × २, म्हणजे १६ प्रकारे पडतात. त्यांपैकी एकही छापा नसलेला प्रकार एकच. एक छापा असलेले ४, दोन छापे असलेले ६, तीन असलेले ४ आणि चारही छापे असलेला पुन्हा एकच. तेव्हा आठाचे मोठे दान १६ मध्ये एक आणि दोन छाप्यांचे दान १६ मध्ये सहा. मोठे दान क्वचित का पडते, हे आता ध्यानात येईल.

सिद्धांत आणि प्रयोग यांची गाठ पडते काय, हे पाहण्यासाठी एका गणितज्ञाने फार चिकाटीने नाणे उडवले. त्याचे नाव जॉन केरिक. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापला तेव्हा तो त्या देशात अडकला आणि त्याला स्थानबद्ध करण्यात आले. त्या सक्तीच्या रिकाम्या काळात त्याने एक नाणे १०,००० वेळा उडवले आणि प्रत्येक निकाल टिपून ठेवला. पहिल्या १० फेकींत ४ छापे पडले; १०० फेकींत ४४; १,००० फेकींत ५०२; आणि १०,००० फेकींत ५,०६७. शेकडेवारी काढली तर ती अनुक्रमे ४०, ४४, ५०.२ आणि ५०.६७ येते. थोड्या फेकींचे उत्तर बरेच डळमळते. फेकी वाढत गेल्या, की ते सैद्धांतिक उत्तराच्या जवळ स्थिरावू लागते. हा नियम स्वित्झर्लंडमधील याकोब बेर्नुली या गणितज्ञाने सिद्ध केला होता. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ साली, प्रसिद्ध झाला.

या आकड्यांत आणखी एक बोध दडलेला आहे. १०० फेकींत छापे निम्म्याहून ६ ने कमी होते. १०,००० फेकींत ते निम्म्याहून ६७ ने अधिक होते. म्हणजे संख्येतील फरक वाढला. पण शेकडेवारीतील फरक ६ वरून ०.६७ वर आला. नाण्याने मागची तूट हिशेबाने भरून दिली नाही; पुढच्या असंख्य फेकींच्या राशीत ती तूट नगण्य झाली, एवढेच. नाण्याला स्मरण नसते. सलग पाच वेळा काटा पडला, तरी सहाव्या वेळी छाप्याची संभाव्यता १/२ च राहते.

हे ध्यानात ठेवून आता पुन्हा समुद्राकडे वळू. आठ दिवस जाळे रिकामे आले, म्हणून नवव्या दिवशी समुद्र देणे फेडील, असे मानून होडी लोटणे धोक्याचे आहे. कारण प्रत्येक फेरीला डिझेल लागते, बर्फ लागतो आणि खलाशांची पोटे त्या फेरीवर अवलंबून असतात. समुद्र नाण्यासारखा नाही. तो कवडीसारखा आहे. त्याची संभाव्यता नोंदीवरूनच काढावी लागते. समजा, एका होडीच्या ७० फेऱ्यांपैकी ३५ वेळा चांगली मासळी मिळाली. तर संभाव्यता १/२ आली. पण वहीत भरतीचीही नोंद होती. उधाणाच्या ४० दिवसांत २६ फेऱ्या चांगल्या झाल्या, तर भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, ३० दिवसांत केवळ ९. तेव्हा उधाणात शेकडा ६५ आणि भांगात शेकडा ३०! एकत्र हिशेबात जे झाकले गेले होते, ते निरनिराळ्या हिशेबाने उघड झाले. मात्र रिकाम्या फेऱ्याही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिलेल्या असल्या पाहिजेत. भरलेले जाळे सर्वांच्या स्मरणात राहते. रिकामे जाळे विसरले जाते. आणि अशा स्मरणावरून काढलेली संभाव्यता फसवी असते.

हीच दृष्टी ठेवून मोठी कामे झाली आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी, वि. गो. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री यांच्यासह, भारतातील समुद्री मासळीच्या उत्पन्नाचा अंदाज कसा घ्यावा यावर १९५८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एवढ्या विस्तीर्ण किनाऱ्यावर उतरणारी प्रत्येक टोपली मोजणे शक्य नाही. म्हणून काही बंदरे आणि काही दिवस मोजणीसाठी निवडावयाचे, आणि तेथील मोजणीवरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधावयाचा. ही निवड सोयीची किंवा आवडीची असून चालत नाही; ती चिठ्ठी उचलावी तशी निःपक्षपाती असावी लागते. तरच थोड्यावरून पुष्कळाचे अनुमान विश्वासार्ह ठरते.

उद्याचे जाळे भरेल की नाही, हे कोणतेही गणित सांगणार नाही. परंतु ज्याच्या वहीत मागील शंभर दिवस खरेपणाने लिहिलेले आहेत, तो निव्वळ आशेवर किंवा निव्वळ भीतीवर निर्णय घेत नाही.

स्वाध्याय

१. एक कवडी किंवा शिंपला १०० वेळा फेका. दर २० फेकींनंतर तो एकूण किती वेळा उताणा पडला, हे अपूर्णांकात लिहा. अपूर्णांक कसे बदलत गेले?

२. तीन नाणी एकदम उडवली तर ती किती प्रकारे पडतील? सर्व प्रकार लिहून नेमके दोन छापे पडण्याची संभाव्यता काढा.

३. “उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणून पावसाची संभाव्यता १/२.” या विधानातील चूक मुंबईतील चैत्र आणि आषाढ या महिन्यांचे उदाहरण घेऊन समजावून सांगा.

४. ‘नाण्याला स्मरण नसते’ या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत लिहा.

५. रिकाम्या फेऱ्यांची नोंद का ठेवावी?