दात, गुडाखू आणि काढलेल्या दाढेची जागा

चिरंजीव भाच्यास, मुक्काम उरला, जिल्हा रायपूर, मामाचे अनेक आशीर्वाद विशेष.

दातांचा विचार माणूस बहुधा दात दुखू लागल्यावरच करतो, आणि तोंडाच्या बऱ्याचशा हानीचे मूळ या सवयीत आहे. कारण दाताला कीड लागणे आणि हिरडी दातापासून सुटणे या दोन्ही क्रिया दीर्घकाळ वेदनेशिवाय चालतात, आणि ठणका सुरू होतो तेव्हा कीड अनेकदा दाताच्या मज्जेपर्यंत, म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेल्या आतल्या मऊ भागापर्यंत पोहोचलेली असते. दाताचे बाहेरचे पांढरे आवरण, ज्याला दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ल्यावर दातावरच्या चिकट थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, तोंडातील सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचे परिमाण, सुमारे ५.५ च्या खाली उतरतो आणि दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. नंतर लाळ त्या आम्लाला अर्ध्या ते एका तासात निष्प्रभ करते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट झिजलेल्या जागी पुन्हा बसू लागतात. म्हणून दिवसभरात साखर किती खाल्ली याहून ती किती वेळा खाल्ली हे अधिक निर्णायक ठरते: तासातासाला एक गोड चहा घेणाऱ्याच्या लाळेला दुरुस्तीसाठी उसंतच मिळत नाही.

उरल्यासारख्या ठिकाणी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते. रायपूरच्या उत्तरेस बिरगाव आणि सिलतऱ्याच्या शेजारी वसलेल्या या औद्योगिक क्षेत्रात पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत, आणि भट्टीजवळ पाळी करणाऱ्याच्या अंगातून घाम इतका वाहतो की पाणी वेळेवर न प्यायल्यास तोंड कोरडे पडते. कोरड्या तोंडात लाळ कमी, आणि लाळ कमी म्हणजे दाताचा पहारा कमी. त्यात रात्रपाळीत झोप उडवण्यासाठी घेतलेल्या गोड चहाची भर पडते. जेथे लोखंडावरचा गंज काढण्यासाठी ते आम्लात बुडवले जाते तेथील वाफेने समोरच्या दातांचे दंतवल्क झिजते, हेही औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासातून ठाऊक झालेले आहे. चिरंजीवाचे काम अशा विभागात पडल्यास मुखपट्टी वापरावी, पाळीत साधे पाणी वरचेवर प्यावे, आणि वाफेतून बाहेर आल्यावर लगेच दात न घासता आधी चुळा भरून निदान अर्धा तास थांबावे, कारण आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग ब्रशाने अधिक झिजतो.

परंतु भट्टीची उष्णता आणि वाफ यांहून मोठा धोका तेथे पानठेल्यावर लहानशा डबीत मिळतो. गुडाखू म्हणजे तंबाखूची भुकटी गुळाच्या मळीत कालवून केलेला काळपट लगदा; तो बोटावर घेऊन दातांवर व हिरड्यांवर घासायचा आणि काही वेळ तोंडात राहू द्यायचा, अशी छत्तीसगढातील रीत आहे, आणि पुरुषांबरोबर बायकाही तो वापरतात. तो दात घासण्याच्या निमित्ताने हाती येतो, म्हणूनच तो व्यसन वाटत नाही. दुखऱ्या दाढेवर चोळल्यावर निकोटिनामुळे आणि तोंडाला येणाऱ्या चुरचुरीमुळे ठणका दबल्यासारखा वाटतो, माणसाला वाटते की औषध लागू पडले, आणि कीड मात्र आत निर्वेध वाढत राहते. सकाळी एकदा घासणारा माणूस काही महिन्यांत दिवसातून चार-पाच वेळा डबी उघडू लागतो. यात दंतस्वच्छतेचा संबंध उरलेला नसून निकोटिनाची तलफ बोलत असते. घासलेल्या जागी हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते, आणि गाल व ओठ यांच्या आतील त्वचेवर पांढरे चट्टे उमटतात, ज्यांतील काही पुढे कर्करोगात परिणत होऊ शकतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात छत्तीसगढातील ३९.१ टक्के प्रौढ तंबाखूचा कोणत्या ना कोणत्या रूपात वापर करताना आढळले, तर देशाचे प्रमाण २८.६ टक्के होते. बिनधुराच्या तंबाखूचा वाटा त्यात फार मोठा आहे.

मराठी माणसाने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात तव्यावर तंबाखू भाजून, तिची राखेसारखी पूड करून दात घासण्याची, म्हणजे मिश्री किंवा मशेरी लावण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून अनेक घरांतील आज्या आणि आत्या तिच्या आहारी गेलेल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने तंबाखूच्या सवयी आणि मुखकर्करोगापूर्वीचे चट्टे यांच्या नात्यावर स्वच्छ प्रकाश टाकला. १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास मनाई केली, परंतु तंबाखूचा पदार्थ म्हणून विकली जाणारी डबी दुकानात राहिलीच. कारखान्यातील सोबत्यांना म्हणूनच दोष देऊ नये. ज्याला लहानपणी आईनेच दात घासायला गुडाखू दिला, त्याला ती सवय घातक आहे हे कुणीतरी आपुलकीने सांगावे लागते, आणि चिरंजीवाने ते सांगावे.

सुपारीविषयीही येथेच लिहिणे युक्त आहे. गुटखा, मावा आणि मसाला-सुपारी यांनी गालाच्या आतील मऊ ऊती हळूहळू कडक होत जातात, आतल्या आत पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणे आक्रसत जाते. जोशी नावाच्या भारतीय वैद्यकतज्ज्ञाने १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले, आणि आज तो सबम्यूकस फायब्रोसिस या नावाने ओळखला जातो. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते हा समज खोटा आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले. तिखट लागताच तोंडात आग होणे, तीन बोटे उभी धरून तोंडात न मावणे, किंवा दोन आठवड्यांत बरा न झालेला चट्टा वा जखम, यांपैकी काहीही दिसल्यास दुखत नाही म्हणून थांबू नये.

दात स्वच्छ कसे ठेवावे, यावर फार लिहिण्याची गरज पडू नये, तरी थोडे लिहिणे भाग आहे. सुश्रुतसंहितेत बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढ्या जाडीची ताजी काडी सांगितली आहे, कडू रसाच्या काड्यांत निंब श्रेष्ठ मानला आहे; छत्तीसगढात बाभूळ आणि कडुनिंबाचे दातून आजही सहज मिळते, आणि टोक चावून मऊ करून हलक्या हाताने वापरल्यास त्यात वाईट काही नाही. तथापि काडीत फ्लोराइड नसते, आणि फ्लोराइड हाच कीड रोखणारा सर्वांत भरवशाचा घटक आहे, कारण तो दंतवल्कात बसून त्याला आम्लापुढे अधिक टिकाऊ करतो. दहा लाख भागांत सुमारे १००० भाग फ्लोराइड असलेली पेस्ट, मऊ केसांचा ब्रश, हिरडीच्या कडेला किंचित तिरका धरून दोन मिनिटे, सकाळी आणि झोपण्यापूर्वी, एवढे पुरे. घासल्यावर फेस थुंकावा पण भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, नाहीतर फ्लोराइड वाहून जाते. दोन दातांमधील फटीत ब्रश पोहोचत नाही, तेथे धागा किंवा फटीचा बारीक ब्रश लागतो. जो चिकट थर निघत नाही तो लाळेतील क्षारांनी टणक होऊन कीटण बनतो, आणि मग तो फक्त दंतवैद्याच्या उपकरणानेच निघतो. कीटण काढल्याने दात सैल होतात असे जे सांगितले जाते ते उलटे आहे: हाड आधीच झिजलेले असते, कीटणाने दाताला तेवढे आवळून धरलेले असते, आणि ते काढल्यावर खरी स्थिती उघड होते. हिरडीतून रक्त येणे हे ब्रश थांबवण्याचे नव्हे, तर अधिक काळजीने घासण्याचे चिन्ह आहे.

आता चिरंजीवाने ज्याविषयी विचारले ती काढून टाकलेली खालची पहिली दाढ. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दातांमागे, कोणताही दात न पडता येते, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात, आणि बहुतेक माणसांच्या तोंडातील पहिली किडलेली व पहिली गमावलेली दाढ हीच असते. जागा मोकळी राहिली तरी जेवता येते, यावरून ती तशीच सोडणे चूक आहे. दाताचे मूळ गेल्यावर जबड्याच्या हाडाला चावण्याचा ताण मिळेनासा होतो आणि पहिल्या वर्षातच त्या ठिकाणच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. मागची दाढ पुढे कलते, वरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरते, आणि काही वर्षांनी एका दाढेचा प्रश्न तीन दाढांचा होऊन बसतो.

ही जागा भरण्याचे मार्ग तीन आहेत. काढता-घालता येणारा अॅक्रिलिकचा दात स्वस्त आहे, परंतु तो हिरडीवर टेकतो, हाडाचे झिजणे थांबवत नाही, आणि एका दाढेसाठी तो फार काळ समाधान देत नाही. ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप बसवून मधला दात त्यांना जोडणे, मजबूत असतो. मात्र त्यासाठी शेजारचे निरोगी दात कापावे लागतात, आणि वयाच्या पंचविशीत दोन धडधाकट दातांचे दंतवल्क कायमचे घालवणे ही मोठी किंमत आहे. शेजारच्या दातांवर आधीच मोठे भराव किंवा कॅप असतील तर गोष्ट वेगळी. तिसरा मार्ग इम्प्लांटचा. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहताना आढळले की टायटॅनियमचे उपकरण हाडाशी इतके एकरूप झाले आहे की ते सुटत नाही. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, टिकले. हाडाने स्क्रूला पक्के धरण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यानंतर त्यावर दात चढतो. चिरंजीवाच्या बाबतीत शेजारचे दात निरोगी असतील आणि हाड पुरेसे असेल तर हाच मार्ग योग्य होय. पैसे जमेपर्यंत काढता-घालता दात वापरण्यात कमीपणा नाही; परंतु जागा वर्षानुवर्षे मोकळी ठेवू नये. तंबाखू, अनियंत्रित मधुमेह किंवा हिरड्यांचा चालू आजार असताना इम्प्लांट बसवणे म्हणजे पैसा वाया घालवणे, कारण इम्प्लांटला कीड लागत नसली तरी त्याच्याभोवतीचे हाड खऱ्या दाताभोवतीच्या हाडासारखेच सुजून झिजते.

बाजारात रस्त्याकडेला बसून तासाभरात पक्का दात लावून देणाऱ्यांपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. ते अॅक्रिलिकचा दात शेजारच्या दातांना तार वा लवकर घट्ट होणाऱ्या मिश्रणाने चिकटवतात. त्याखाली अन्न कुजते, ब्रश पोहोचत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत तो दात निघतो तेव्हा शेजारचे दोन दातही सोबत घेऊन जातो. कायद्याने दंतचिकित्सा करणाऱ्यावर नोंदणीचे बंधन घातले आहे, तेव्हा नोंदणी विचारण्यात संकोच नसावा. खर्चाची अडचण असल्यास रायपुरातील शासकीय दंत महाविद्यालय आणि टाटीबंध येथील एम्सचा दंतविभाग जवळ आहेत. तेथे रांग लागते, एका फेरीत काम होत नाही, परंतु तपासणी नीट होते. साप्ताहिक सुटी बदलून एक कामाचा दिवस त्यासाठी मोकळा ठेवावा.

घरातील वडीलधाऱ्यांच्या कवळीसाठी दोन शब्द पुरेत. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी, कोरडी ठेवल्यास ती वाकते. उकळत्या पाण्याने धुऊ नये. पेस्टऐवजी साबण व मऊ ब्रश वापरावा, कारण पेस्टच्या कणांनी अॅक्रिलिकवर ओरखडे पडून त्यांत बुरशी राहते. सैल झालेली कवळी औषधी भुकटीने वर्षानुवर्षे चिकटवत न बसता दाखवून घ्यावी.

उरल्याच्या रस्त्यावर जड ट्रकांमधून दुचाकी चालवावी लागते, म्हणून शेवटी हेही लक्षात असावे. अपघातात कायमचा दात मुळासकट निघून पडल्यास तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, खरवडू नये. माती लागली असल्यास पाण्याखाली क्षणभर धरून लगेच त्याच खाचेत बसवावा आणि स्वच्छ रुमाल चावून धरावा, आणि ते न जमल्यास दुधात बुडवून तासाभराच्या आत, शक्य तर अर्ध्या तासात, दंतवैद्याकडे पोहोचावे. मुळावरच्या पेशी कोरड्या झाल्या की दात पुन्हा जोडला जाण्याची आशा झपाट्याने कमी होते. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवू नये, त्याने खालच्या कायमच्या दाताच्या अंकुरास इजा होते.

दाढेच्या जागेचा एक्स-रे काढल्यावर हाडाची रुंदी किती आहे आणि शेजारच्या दातांविषयी दंतवैद्याने काय सांगितले, ते सविस्तर कळवावे. कळावे.