फटफटीचा ठोका कां चुकतो?

ज्या घरांत वडिलांची किंवा आजोबांची जुनी ‘बुलेट’ अद्याप जपून ठेवलेली आहे, त्या घरांतील विद्यार्थ्यांस तिचा हा रोग ठाऊक असेलच. एरवीं ती संथ लयींत चालते. मग एके दिवशीं ठोका अडखळतो, चढावर दम लागतो, मागून मध्येंच बार निघतो. कारागीर यास ‘मिसिंग’ म्हणतात. अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारांत घाला. दुसरा पान्हा घेऊन दिसेल तो स्क्रू पिळूं लागतो. आमच्या मतें या दुसऱ्या पक्षाकडूनच जुन्या यंत्रांचा अधिक घात होतो.

बुलेटचें मूळ इंग्लंडांतील रेडिच गांवचें. १९५५ सालापासून ती मद्रासेस जुळविली जाऊं लागली. तिच्या ३४६ घनसेंटिमीटरच्या इंजिनांत सिलिंडर एकच. मिनिटास ३००० फेरे झाले, तर दोन फेऱ्यांस एक याप्रमाणें सेकंदास २५ स्फोट व्हावे लागतात. चार सिलिंडरांच्या मोटारींत एकाचा ठोका चुकला तरी बाकीचे तीन सांभाळून घेतात. येथें सांभाळणारा कोणीच नाहीं.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडलें’ हा नव्हे, तर ‘केव्हां बिघडतें’ हा होय. गाडी कांहीं मैल नीट जाऊन गुदमरते व थोडें थांबल्यावर पुन्हां चालते, असें असेल तर टाकीचें झाकण सैल करून पाहावें. झाकणाचें वायुछिद्र बुजलें, म्हणजे पेट्रोल खालीं उतरत नाहीं. झाकण सैल करतांच गाडी सुधारली, तर एका सुईनें काम भागतें!

इंजिन थंड असतां उत्तम, तापल्यावर मात्र लंगडें, असें असेल तर संशय कंडेन्सरवर. पॉईंट उघडतांच कॉईलच्या जाड तारेच्या वेढ्यांतील प्रवाह एकाएकीं तुटला पाहिजे; तो जितक्या झटक्यानें तुटेल, तितका बारीक तारेच्या वेढ्यांत विजेचा दाब अधिक उत्पन्न होतो. पण तुटणारा प्रवाह पॉईंटांच्या फटींतून उडी मारूं पाहतो. ती उडी कंडेन्सर आपल्या पोटांत घेतो. तो जीर्ण झाला, कीं जी ठिणगी प्लगांत पडावयाची ती पॉईंटांतच पडूं लागते. अंधारांत झाकण काढून पाहिल्यास तेथें निळसर-पांढरा लखलखाट दिसतो, आणि पॉईंटांस खड्डे पडलेले आढळतात. असे पॉईंट कितीही घासले तरी रोग जात नाहीं. कंडेन्सर बदलावा, मग फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी.

प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. मात्र ती भरधाव चालवून, लागलीच इंजिन बंद करून पाहावी. नुसतें जागेवर फिरवून पाहिल्यास ती खोटें बोलते. बिस्किटासारखा तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलें तेल म्हणजे रिंगा झिजल्या. पांढरा फटफटीत प्लग मात्र भयसूचक समजावा. हवा जास्त व पेट्रोल कमी झाल्यानें उष्णता वाढते, आणि अखेर पिस्टन वितळून भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. हवा चोरवाटेनें शिरते ती बहुधा कार्ब्युरेटर जेथें इंजिनास जोडलेला असतो तेथून. कारण बोल्ट अति आवळल्यानें त्याचा कांठ वाकतो. सांध्यावर तेलाचे दोन थेंब सोडावे; इंजिनाचा आवाज बदलला, तर चोर सांपडला. या कामीं पेट्रोल कदापि वापरूं नये. बंद खोलींत इंजिन चालवूंही नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो, ही गोष्ट पालकांनींही ध्यानांत धरावी.

इतकें करूनही ठोका चुकत असेल, तर टॅपेट पाहावे. इंजिन पूर्ण थंड असतां, पिस्टन दाबाच्या फेऱ्यांत अगदीं माथ्यावर आणून, उजव्या बाजूच्या लहान झाकणाखालील दांडे चिमटींत धरावे. ते बोटांनीं सहज फिरावे, पण वरखालीं मुळींच हलूं नयेत. दांडा फिरत नसेल, तर झडप पूर्ण बसत नाहीं व दाब निसटतो. पुष्कळ जण टॅपेटचा आवाज नको म्हणून तो मुद्दाम आवळून घेतात. गाडी शांत होते खरी. झडपेची कड मात्र हळूहळू जळत राहते.